मराठी अक्षरं जड असतात

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी माझ्याकडे आले तेव्हा सांगलीत घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं काम सुरू करून मला तीनेक वर्षं झाली होती. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, क्लासच्या जाहिराती, सगळं काळ्या-पांढऱ्यात. त्या व्यापाऱ्यांना मात्र बेदाण्याच्या खोक्यासाठी रंगीत डिझाईन हवं होतं. समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसून ते म्हणाले, "वहिनी, द्राक्षाचा घड असा दिसला पायजे की बघणाऱ्यानं पुठ्ठ्याला हात लावावा."

मी हो म्हणून बसले आणि दुसऱ्या दिवशी घडाचा फोटो स्कॅन करून आणला. माझ्या पडद्यावर ती द्राक्षं शेवाळ धरलेल्या भिंतीसारखी दिसली. मशीनमधलं डिस्प्ले कार्ड मोजकेच रंग दाखवू शकायचं. हिरव्याच्या छटा एकमेकींत मिसळायच्या ऐवजी ठिगळं लावल्यासारख्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. नवीन कार्ड घेणं भाग होतं. माझा नवरा बँकेत होता. कामासाठी तो पुण्याला निघाला तेव्हा मी त्याला कागदावर सगळं लिहून दिलं आणि त्यानं येताना कार्ड आणलं. चंदेरी पिशवीतलं, हिरवंगार, हाताच्या पंजाएवढं.

"बसवायला कुणाला बोलवायचं?" त्यानं विचारलं.

"कुणाला कशाला? मीच बसवते," मी म्हणाले.

हा आत्मविश्वास मला दादानं दिला होता. दादा माझा सख्खा भाऊ नाही. मला भाऊ नाहीच. साताऱ्यात आमच्या घरामागच्या खोलीत तो भाडेकरू म्हणून आला, तेव्हा मी शाळेत होते आणि तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होता. त्याचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला. त्याचे वडील फौजेत होते, ते गेले, आणि पाठोपाठ आईही गेली. माझ्या आईनं पहिल्याच महिन्यात त्याची खाणावळ बंद केली आणि त्याचं ताट आमच्यात मांडलं. त्यानं मला कथील कसं वितळवायचं, रेडिओ कसा उघडायचा, कुठल्या भागाला हात लावायचा नाही, हे सगळं शिकवलं. माझे वडील वारले तेव्हा धावपळ त्यानंच केली. पुढे त्यानं पोवई नाक्याजवळ कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान टाकलं. मी सांगलीत डीटीपी सुरू करायचं ठरवल्यावर मशीन दुसऱ्या कुणाकडून घ्यायचा प्रश्नच नव्हता. एसटीतून साताऱ्याहून सांगलीपर्यंत मॉनिटर मांडीवर घेऊन तो आला होता. उतरला तेव्हा त्याचे पाय इतके मुंग्या येऊन बधिर झाले होते की स्टँडवर थोडा वेळ तो नुसता खांब धरून उभा होता.

मशीन जोडून झाल्यावर त्यानं झाकण उघडून मला आतलं दाखवलं होतं. मोठ्या मदरबोर्डवर लांब काळ्या खाचा आणि आखूड पांढऱ्या खाचा. "आत्ता हे साधं कार्ड काळ्या खाचंत घातलंय. पुढं-मागं भारी कार्ड घ्यायचं झालं तर ह्या पांढऱ्या खाचंत बसंल. काळजी करू नगंस, बोर्ड नवं कोरं हाय."

त्यामुळे नवीन कार्ड बसवायला मी झाकण उघडलं ते अगदी निर्धास्तपणे. जुनं कार्ड काढलं, नवीन पांढऱ्या खाचेत दाबून बसवलं, स्क्रू आवळला, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मशीननं एक लांब शिट्टी दिली आणि मागोमाग दोन आखूड. दादानंच शिकवलं होतं, याचा अर्थ मशीनला डिस्प्ले कार्ड सापडत नाही.

कार्ड नीट बसलं नसेल म्हणून काढून परत बसवलं. कार्डाच्या कडेच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला. दुसऱ्या पांढऱ्या खाचेत घातलं, मग तिसऱ्या. बोर्डवरची बटणासारखी बॅटरी काढून ठेवली, चहा करून प्यायले आणि परत घातली. तीच शिट्टी. जुनं कार्ड काळ्या खाचेत आणि नवं पांढऱ्या खाचेत अशी दोन्ही एकदम बसवली, तेव्हा मशीन जुन्या कार्डावर सुरू झालं. विंडोजला सांगितलं, नवीन काय बसवलंय ते शोध. विंडोजनं बराच वेळ शोधलं आणि कळवलं की नवीन काही सापडलं नाही. कार्ड समोर ढळढळीत बसलेलं होतं!

नवरा दारात उभा राहून म्हणाला, "कार्डच खराब निघालं वाटतं. का तुझ्याच हातून काही झालं?"

हा दुसरा प्रश्न मला लागला. गेली तीन वर्षं तो घरात या ना त्या रूपात विचारला जात होता. माझं मशीन मंद होतं. पत्रिकेतला एक शब्द बदलला की पान वरून खाली ओळ-ओळ करत परत उमटायचं आणि मी हनुवटीला हात लावून बघत बसायचे. समोर बसलेली माणसं कंटाळायची. "त्या दुसऱ्या बाई झटकन करून देतात," असं तोंडावर सांगून काही गिऱ्हाईकं गेली. नवऱ्याला वाटायचं मला सराव नाही. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं होतं. दादाला मी फोनवर दोन-तीनदा सांगितलं होतं की मशीन फार रेंगाळतं. तो हसायचा. "आगं, मराठी अक्षरं जड असत्यात. इंग्रजीला काय, सव्वीस अक्षरं. तुझ्या वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरं... मशिनाला दम लागणारच की." मला ते पटायचं. गिऱ्हाइकांनाही मी तेच सांगायचे, अगदी शहाण्यासारखं तोंड करून.

कार्ड घेऊन मी सांगलीतल्याच एका कॉम्प्युटर दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, इंजिनिअर झालेला. त्यानं कार्ड त्याच्या मशीनमध्ये घातलं. ते लगेच सुरू झालं. त्याच्या पडद्यावर रंग असे झुळझुळीत दिसले की मला कार्डाचा नव्हे, माझ्या मशीनचा राग आला.

"ताई, कार्डात काही खोट नाही. मशीन घेऊन या," तो म्हणाला.

दुपारी रिक्षात घालून मशीन नेलं. त्यानं मी केलेलं सगळं परत केलं आणि मग सेटअपमध्ये शिरला. "कधी कधी कॅश बंद केली की जुनी बोर्डं नवीन कार्ड ओळखतात. बघू या."

कॅश म्हणजे काय ते मला दादानं सांगितलं होतं. प्रोसेसरच्या हाताशी ठेवलेला मेमरीचा छोटा साठा, स्वयंपाक करताना ओट्यावर मिसळणाचा डबा असतो तसा. दर वेळी मोठ्या कपाटाकडे जावं लागत नाही, म्हणून काम भराभर होतं. बोर्डवर त्यासाठी काळ्या चौकोनी चिप्सची एक ओळ असते. माझ्याही बोर्डवर होती. मशीन सुरू होताना पडद्यावर रोज अक्षरं उमटायची, कॅश इतकी इतकी आहे म्हणून.

त्यानं ती बंद केली. कार्ड सापडलं नाही ते नाहीच. पण जुन्या कार्डावर मशीन सुरू करून त्यानं सहज माझी एक पत्रिका उघडली आणि पान खालपर्यंत उमटेपर्यंत बघत राहिला. मग कॅश चालू केली, परत तीच पत्रिका उघडली. परत बंद. परत चालू.

"ताई, हे मशीन पहिल्यापासून इतकंच मंद आहे?"

"मराठी फॉन्ट जड असतात ना," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघायला लागला. हसला नाही, एवढं त्याचं चांगुलपण. "कॅश बंद केल्यावर हे निम्म्यानं मंदावायला हवं. हे दोन्हीकडे सारखंच चालतंय."

त्यानं बोर्ड बाहेर काढलं, टेबलावरच्या दिव्याखाली धरलं आणि त्या चिप्सकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एक फोडू का? तुमची परवानगी असेल तरच."

मी मान हलवली. त्यानं बारीक स्क्रूड्रायव्हर चिपच्या कडेत घालून पिळला. काळं टरफल टचकन उडालं. आत काही नव्हतं. पाय बोर्डला चिकटवलेले होते, पण ते कुठंच जात नव्हते. नुसता प्लॅस्टिकचा पोकळ ठोकळा.

"आणि पडद्यावर जे लिहून येतं ते?" मी विचारलं.

"तेवढं लिहायला शिकवलंय त्याला."

त्यानं बोर्डच्या कडेचं स्टिकर नखानं सोललं. खाली दुसरं स्टिकर होतं, आधीच्या मॉडेलचं. पांढऱ्या खाचा आल्या तेव्हाच्या अगदी पहिल्या बोर्डांपैकी ते होतं. नंतर आलेली कार्डं असल्या बोर्डांना ओळखताच येत नाहीत, असं त्यानं समजावून सांगितलं. असला एक लॉट मुंबईच्या बाजारातून आला होता हे तो ऐकून होता, प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होता. "कुणी दिलं तुम्हाला?"

"घरच्या माणसानं," मी म्हणाले. माझी तोपर्यंत खात्री होती की दादालाच कुणीतरी फसवलंय. घरी जाताना मला त्याचीच कीव येत होती. बिचाऱ्याला कळलं तर किती लागेल त्याला, असं मी नवऱ्याला म्हणालेही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बोर्ड मांडीवर घेऊन साताऱ्याला गेले. दादाच्या दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. मला बघून दादाचा चेहरा उजळला. "आगं, कळवायचं न्हाईस व्हय? स्टँडवर आलो असतो की." मी वर्तमानपत्राची घडी सोडून बोर्ड काउंटरवर ठेवलं. फुटलेली चिप वरच होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "तुमी जरा दुपारच्याला या."

माणूस गेला. दादा स्टुलावर बसला.

"दादा, तुला कुणीतरी फसवलंय," मी म्हणाले. "या चिप्स पोकळ आहेत."

त्यानं वर्तमानपत्राची घडी परत बोर्डवर ओढली.

"दादा?"

"मावशीनं सांगितलं न्हाई तुला?" त्यानं विचारलं.

मावशी म्हणजे माझी आई. तो पहिल्यापासून तिला मावशीच म्हणायचा. मी म्हणाले, "आईचा काय संबंध?"

मग त्यानं मान खाली घालून सांगितलं. मुंबईच्या व्यापाऱ्यानं त्याच्या गळ्यात तो लॉट मारला होता. आधी त्यालाही कळलं नव्हतं. माझं मशीन देऊन आल्यावर काही दिवसांतच कळलं. "तवर लय मशिनं गेली हुती. बाजारात नाव गेलं असतं माझं. एकेकाच्या दारात गेलो, दुरुस्तीचं निमित्त काढलं आन बोर्डं बदलून दिली. उसनवारी करून."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"मग माझं?"

"तुझं राह्यलं."

"का राहिलं?"

त्यानं काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, परत खाली ठेवला. "तू काय बोंब मारणार न्हवतीस. आन तोवर पैसंबी संपलं हुतं. म्हटलं घरचं हाय, मागनं बघू. मग मागनं मागनं करता..."

"मी तुला फोन करत होते. तू मला अक्षरं जड असतात म्हणालास."

"फोनवर काय सांगणार हुतो?"

"तीन वर्षं, दादा. मी लोकांना सांगत होते तसं."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पर मावशीला मी तवाच सांगितलं हुतं. रडलो हुतो तिच्यापाशी. ती म्हणली, मी सांगते तिला, तू नको सांगूस. मला वाटलं तुला ठावं हाय. ठावं आसून तू बोलत न्हाईस, आसं वाटायचं मला. मोठ्या मनाची म्हणायचो मी तुला."

बोर्ड तिथंच टाकून मी तडक आईच्या घराकडे निघाले.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मला अचानक बघून आनंदली, पाणी द्यायला उठू लागली. मी तिला बस म्हणाले आणि उभ्यानंच विचारलं, "दादानं मला खोटं मशीन दिलंय, हे तुला माहीत होतं?"

ती परत खाली बसली. मेथीची जुडी तिच्या हातातच होती. "खोटं कसलं गं. चालत होतं की तुझं काम."

"माहीत होतं का?"

"होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तू तेव्हा नुकतं सुरू केलं होतंस. तुझ्या नवऱ्याला कळलं असतं तर त्यानं याला दारात उभं केलं नसतं. आणि याची अवस्था तू बघितली नाहीस. दोन दिवस जेवला नव्हता पोरगा."

"आणि माझी अवस्था? मी फोनवर तुला सांगत होते ना, गिऱ्हाइकं जातात, मला जमत नाही म्हणून? तेव्हाही तू गप्प बसलीस. उलट म्हणालीस, सराव कर."

आईनं जुडी ताटलीत ठेवली. तिचा आवाज चढला नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "मी इथं एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात पडले तेव्हा मला उचललं कुणी? सिलिंडर कोण आणतो? तू सांगलीला, तुझं घर, तुझा संसार. मी तुला दोष देत नाही. पण तू रागावलीस तरी माझी मुलगीच राहणार आहेस. तो दुखावला तर परका होऊन जाईल."

तिचं म्हणणं मला कळत होतं, आणि ते कळत होतं हेच सगळ्यात वाईट होतं. गिऱ्हाइकांची बोर्डं बदलून देताना दादानं जो हिशेब केला, तोच माझ्या आईनंही केला होता. दोघांनाही ठाऊक होतं की मी कुठं जाणार नाही.

"जेवून जा," ती म्हणाली.

मी जेवले नाही. आईच्या घरातून न जेवता निघण्याची ती पहिलीच वेळ. ती दारापर्यंत आली. मी मागं वळून पाहिलं नाही, पण कोपऱ्यापर्यंत तिची नजर पाठीवर जाणवत होती. एसटीत खिडकीशी बसल्यावर रडू आलं. उंब्रजच्या अलीकडे शेजारच्या बाईंनी न विचारताच हातावर साखरफुटाणे ठेवले. मी ते खाल्ले.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. आईचं नाही, फक्त दादाचं. तो चिडला, दादाला नाही नाही ते बोलला, आणि मग म्हणाला, "म्हणजे तुझा हात मंद नव्हता." त्यानं माफी मागितली नाही, पण संध्याकाळी स्वतः जाऊन त्या दुकानदाराकडून नवीन बोर्ड आणलं. मी ते बसवलं, पांढऱ्या खाचेत कार्ड घातलं, बटण दाबलं. शिट्टी एकच, आखूड. विंडोजनं विचारण्याआधीच सांगितलं की नवीन कार्ड सापडलंय. द्राक्षांचा घड उघडला, तर मण्यांवरची राखाडी झाक आणि देठाजवळचा पिवळसरपणाही दिसत होता. मग मी एक जुनी लग्नपत्रिका उघडली, एक शब्द बदलला. पान डोळ्याची पापणी लवायच्या आत उमटलं. मी दुसरा शब्द बदलला, मग तिसरा. उगाचच. जोडाक्षरं भरलेले लांबलचक शब्द टाइप करत बसले, आणि जितकं ते भराभर उमटत होतं, तितकी माझी चिडचिड वाढत होती. तीन वर्षं मी स्वतःला किती बोल लावले होते!

बेदाण्याचे व्यापारी खूश झाले. त्यांनी खरोखरच खोक्यावरच्या घडाला हात लावून पाहिला. त्यांच्यामुळे तासगावची आणखी कामं आली आणि पुढची काही वर्षं माझं बरं चाललं.

मध्ये महिनाभर मी साताऱ्याला फोन केला नाही. मग एका रविवारी सकाळी दादा दारात उभा राहिला. हातात कापडी पिशवी होती. नवऱ्यानं त्याला आत घेतलं, पण स्वतः पेपर उघडून बसला. मी चहा केला. दादानं पिशवीतून बोर्डाचा खोका काढून टेबलावर ठेवला. सील न तोडलेला.

"हे घे. आता तरी घे."

"माझं काम झालं, दादा. मी दुसरं घेतलं."

"ठेव की. उपेगी पडंल."

"नको."

त्यानं चहा संपवला. रिकामी कपबशी खोक्याशेजारी ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "मावशी लय मनाला लावून घेती. नीट जेवत न्हाई. तिनंच धाडलंय मला. तिला जाऊन काय सांगू?"

मला त्याचा राग होता आणि तो राग खरा होता. पण त्याला वाटेला लावून आईला उपाशी ठेवायचं माझ्यानं होईना. शिवाय या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नाही, हे मला आईनं पुरतं समजावून सांगितलं होतं. मी म्हणाले, "सांग, दिलं म्हणून. आणि मी घेतलं म्हणून."

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. त्यानं खोका परत पिशवीत घातला, पिशवी बगलेत मारली आणि स्टँडकडे गेला. मी त्याला सोडायला गेले नाही.

रात्री शेजाऱ्यांकडे आईचा फोन आला. "दिलं ना त्यानं? बसवलंस?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं बाई. मिटलं एकदाचं," ती म्हणाली. तिचा आवाज खरंच हलका झाला होता. मग तिनं कैऱ्या महाग झाल्यात, यंदा लोणचं कमी घालणार आहे, तुला एक बरणी पुरेल का, असं विचारलं. मी पुरेल म्हणाले. तिनं ती बरणी दादाच्या हातीच पाठवली.